रोजचे चमत्कार टिपायचे कसे

हनुक्का या ज्यूंच्या चमत्काराच्या सणातल्या आठ दिव्यांपासून सुरुवात करू नका. अमिदा या आमच्या रोजच्या मुख्य प्रार्थनेतला ‘मोदीम’ हा आभाराचा भाग घ्या. रोज आमच्यासोबत असणाऱ्या चमत्कारांबद्दल आभार, असं त्यात चक्क म्हटलंय, तेही दिवसातून तीनदा. मी कित्येक वर्षं ते नुसतं घडाघडा म्हणून मोकळी व्हायचे.

आता त्या ओळीवर थांबते आणि कालचा एक तरी प्रसंग आठवते. मोठं काही शोधायचं नाही. एकदा सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, व्हीलचेअरवरच्या मुलीला तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावलं, तर मंचाच्या पायऱ्या आड आल्या. दोघांनी तोराची गुंडाळी उचलून खाली, तिच्यासमोरच्या मेजावर आणली. ओळीवर फिरवायची चांदीची काडी, ‘याद’, तिच्या हातात थरथरत होती. कुणी घाई केली नाही. (उतार मात्र मागून घ्याच, दर वेळी चमत्कारावर भागवू नये.)

मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत, दहावं माणूस कोण आलं, तेही बघा. आमच्याकडे त्यात बायकांनाही मोजतात, सगळीकडे नाही.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहायचं नसेल तर प्रसंग मनात ठेवा. शनिवारी रात्री हवदाला हा शब्बाथच्या निरोपाचा विधी आटोपला, की वही काढा आणि त्यातल्या मसाल्यांचा वास विरायच्या आत दोन ओळी लिहा.