वेबरचा बार घरी कसा बनवायचा (मॉडेल हां, पण शिकायला एक नंबर)

औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणाराय, 2023 ला केंद्रानं मंजुरी दिली तेव्हापासून आमच्या हिंगोलीकडची पोरं सारखी विचारायलीत की सर, या गुरुत्वीय लहरी (म्हणजे जागेलाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी) पकडतात कशा. 4 किलोमीटरचे हात अन् लेझर घरी जमत नाही, पण त्याच्या आधीची पद्धत, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वेबरचा बार, लहर आली की किंचित वाजणारा धातूचा दांडा, त्याचं मॉडेल आरामात जमतं.

भरीव ॲल्युमिनियमचा दांडा घ्या, 1 मीटर लांब, इंचभर जाड. बरोबर मधोमध नायलॉनच्या दोरीनं टांगा अन् टोकावर समोरून छोटी हातोडी मारा, बाजूनं नका मारू, बाजूनं मारली की दांडा वाकून भलताच आवाज काढतो. बारीक, लांबलचक किणकिण येते, साधारण 2500 हर्ट्झची, कारण ॲल्युमिनियममधून आवाज सेकंदाला 5000 मीटर पळतो, त्याला लांबीच्या दुपटीनं भागायचं. वाजत असताना मधोमध बोट लावा, काही होत नाही. टोकाला नुसतं टेकवा, आवाज जागेवर बंद! मधे हालचाल नाही पण ताण सगळ्यात जास्त तिथंच, म्हणून पिझो डिस्क (ताण पडला की वीज देणारी चकती) मधेच चिकटवायची. गोल दांड्यावर ती नीट बसत नाही, तेवढी जागा कानशीनं घासून सपाट करा, मग फेविक्विक. वायरी लॅपटॉपच्या माइकला, अन् ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे स्पेक्ट्रम बघा, म्हणजे किती हर्ट्झला किती जोर ते.

वेबरनं अमेरिकेत मेरीलँडला हेच केलं, दीड मीटरचा टनाहून जड सिलिंडर, 1660 हर्ट्झ.

आपल्या दांड्यात खरी लहर दिसणार नाही हे पोरांना आधीच सांगा. 1 मीटरला 10 चा उणे 21 वा घात मीटर एवढाच फरक, प्रोटॉनच्याही साधारण दहा लाखाव्या हिश्श्याएवढा, त्यापेक्षा धातूतले अणू उष्णतेनंच जास्त हलतात. म्हणून इटलीतला नॉटिलस बार 0.1 केल्विनपर्यंत, म्हणजे जवळपास उणे 273 अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेला.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी, दुसरा दांडा बनवा. एकट्या दांड्यात काहीबी वाजतं, दोघांत एकाच वेळी वाजलं तरच मोजायचं. पण एकाच खोलीत ठेवले तर रस्त्यावरचा ट्रॅक्टर दोघांनाही ऐकू येतो अन् जुळणी खोटी ठरते, तेव्हा दुसरा मित्राच्या घरी टांगा. वेबरनं दुसरा बार हजार किलोमीटरवर शिकागोजवळ ठेवला अन् 1969 ला लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तरी इतरांनी बार बनवले तेव्हा त्यांना काहीच दिसलं नाही. 2015 ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांत 7 मिलिसेकंदांच्या फरकानं तोच सिग्नल आला, तेव्हा कुठं जगानं मानलं.