स्टेशनच्या पॅनलवर (सिग्नल आणि रुळांचे सांधे चालवायच्या बटणांच्या टेबलावर) नवीन बसताय? मग या चुका टाळा

सव्वीस वर्षं स्टेशन मास्तर होतो, नंतर रेल्वेतच ट्रॅफिक इन्स्पेक्टर. निवृत्त झालो तरी नवी पोरं अजून फोन करतात आणि चुका त्याच त्याच निघतात.

माझ्या वयाचे लोक म्हणतात, हल्लीच्या रेल्वेवाल्यांना अनुभव नाही. मला ते अर्धंच पटतं. आमच्या वेळी एका वेळी एकच गाडी सोडायचं टोकनचं यंत्र आठवड्याला रुसायचं, सिग्नलची तार उन्हाने सैल पडायची, म्हणून बिघाडातलं काम हाताला बसलं. आता पॅनल महिनोन्‌महिने बिघडत नाही. मग पोरगं बिघाड शिकणार कधी? पहिला बिघाड येतो तोच मध्यरात्री, मागे चार गाड्या उभ्या असताना, आणि गाड्या हलवणारा कंट्रोलर फोनवरून कानात ओरडत असताना.

फॉर्म न वाचता फाडून देणं

स्वयंचलित सिग्नल (गाडी पुढे गेली की आपोआप बदलणारा) लाल असेल तर ड्रायव्हरने दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटं थांबायचं आणि मग पुढे जायचं. चांगलं दिसत असेल तर ताशी 15 किलोमीटर, नाहीतर 10. पुढे अडथळा दिसला की थांबता आलं पाहिजे. नियम एवढाच, ट्रेनिंग स्कूलमध्ये सगळ्यांना पाठ असतो. तरी 29 ऑक्टोबर 2023 ला आंध्रात विजयनगरमजवळ एक पॅसेंजर बिघडलेले सिग्नल ओलांडून पुढच्या पॅसेंजरवर आदळली.

त्यानंतर आठच महिन्यांनी, 17 जून 2024 ला, पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली. पहाटेपासून सिग्नल बंद होते. मास्तरने टी/ए 912 हा फॉर्म दिला, म्हणजे बिघडलेले सगळे सिग्नल ओलांडायची परवानगी. त्या कागदावर वेगाचा आकडाच नव्हता. चौकशी अहवालात लिहिलंय की मास्तर आणि लोको पायलट, दोघांनाही स्वयंचलित विभागात कसं चालायचं हे पुरेसं समजावलेलं नव्हतं. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण मी असे फॉर्म फाडताना पाहिलेत. हाताला येईल ते पॅड, खाली सही, शिक्का, "जा लवकर".

माझी सवय सांगतो. फॉर्म हातात दिला की ड्रायव्हरकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. वेग किती, कुठपर्यंत, हे त्याच्या तोंडून ऐकायचं. दोन मिनिटं जातात. कंट्रोलर बोंबलतो. बोंबलू द्यावं.

रेक उभा केला म्हणजे तो उभाच राहील असं समजणं

ही माझी खास चीड. घाटाच्या पायथ्याच्या एका स्टेशनवर मी तपासणीला गेलो होतो. संध्याकाळी लूपवर (मेन लाइनच्या बाजूच्या रुळावर) भरलेला रेक, म्हणजे जोडलेल्या मालडब्यांची रांग, ठेवून इंजिन काढून नेलं होतं. मास्तर नवा, चार महिन्यांचा, इंजिनिअर, पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास. नियमाचं पुस्तक विचारा, धडाधड बोलेल. रजिस्टरमध्ये सुंदर अक्षरात लिहिलेलं : रेक सुरक्षित, हँडब्रेक बारा.

"स्वतः पाहिलेत का?"

"सर, पॉईंट्समनने लावलेत. आणि एअर ब्रेक आहेच ना."

एअर ब्रेकची हवा तासागणिक गळते, हे पुस्तकात असतं. ती गळताना कुणी ऐकलेली नसते. मी टॉर्च घेऊन त्याला खाली उतरवलं. पहिल्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, हँडब्रेकचं चाक फिरवून बघ म्हटलं, तर त्याने विचारलं, "सर, कुठल्या बाजूला?" पोराचा दोष नाही. ट्रेनिंगमध्ये त्याने ते चाक चित्रात पाहिलं होतं. बारापैकी पाच ब्रेक नुसते ढिले फिरवून सोडलेले, ब्रेकचा ब्लॉक चाकाला टेकलाच नव्हता. तपासायला बुटाचं टोक पुरतं : ब्लॉकला ठोकलं आणि तो हलला, तर ब्रेक लागलेला नाही.

मी शेवटच्या वाघिणीच्या चाकापाशी रुळावर खडूची रेघ मारून ठेवली होती. आम्ही पाचवा ब्रेक आवळेपर्यंत चाक रेघेच्या वीतभर पुढे सरकलेलं होतं. पोरगा त्या रेघेकडे बघत राहिला. रुळांचे सांधे बदलणारे पॉईंट्समन मामा हळूच म्हणाले, "मास्तर, चाकाखाली गुटका एकच लावला होता."

25 फेब्रुवारी 2024 ला जम्मूतल्या कठुआहून 53 वाघिणींची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली आणि सत्तरएक किलोमीटर पंजाबात उंची बस्सीपर्यंत गेली. बातमी लागली तेव्हा लोक टीव्हीसमोर हसत होते. मला ती रेघ आठवली.

दोन्ही टोकांचे हँडब्रेक स्वतः पाहा, गुटके आणि साखळी लावा. नि खडू खिशात ठेवा. खडूबद्दल नियमात काही नाही, ती माझी सवय.

रिकनेक्शन मेमोवर डोळे मिटून सही

सिग्नलवाले दुरुस्तीनंतर यंत्रणा पुन्हा जोडल्याचा कागद पुढे करतात, म्हणतात "झालं साहेब", तुम्ही सही करता. ओडिशात बहानगा बाजारला 2 जून 2023 च्या अपघातात सिग्नल मेन लाइनचा होता आणि पॉईंट (रूळ बदलायचा सांधा) लूपचा. वायरिंगची चूक होती. पॉईंट आधीपासून विचित्र वागत होता, पण त्याची तक्रार वेळेत कुणी केली नाही, असंही चौकशीत आलं. 290 हून जास्त माणसं गेली. पॅनलवर काही खटकलं की आधी लिहा, मग फोन करा. "नंतर लिहू" म्हणणाऱ्याचा नंतर कधी येत नाही.

बाकीच्या

प्रायव्हेट नंबर (फोनवर खात्रीसाठी एकमेकांना द्यायचे आकडे) आधीच लिहून ठेवू नका. कधीच नाही.

चार्ज घेताना आधीच्या मास्तरचं तोंडी ऐकून बसू नका, रजिस्टर वाचा.

मोबाईल टेबलावर नको, ड्रॉवरमध्ये ठेवा.

साहेबलोकांसाठीही एक. 2019 मध्ये रेल्वे अधिकाऱ्यांच्या आठ सेवा एकत्र करून एक व्यवस्थापन सेवा करायचं ठरलं, 2024 मध्ये भरतीसाठी अभियांत्रिकी परीक्षेची वाट पुन्हा उघडली. तुम्ही कुठल्याही वाटेने या, रात्रपाळीत एखाद्या केबिनमध्ये महिनाभर बसल्याशिवाय पंक्चुअलिटीवर बोलू नका. आणि बिघाडाचा सराव पॉवरपॉईंटवर घेऊ नका. पॅनल बंद आहे असं समजा, क्लॅम्प-कुलूप घेऊन पोरांना पॉईंटवर पाठवा, पावसात.

पॉईंट्समनला विचारायला लाजणारे तर मला कळतच नाहीत. तो वीस वर्षं त्याच लूपवर चालतोय. त्याला चहा पाजा आणि विचारा, इथे उतार कुठून सुरू होतो.