पाळी संपल्यावरची वही : सुपरवायझरने रोजचा विचार कामाला कसा लावावा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत सुपरवायझरची नेमणूक बहुधा एकाच रीतीने होते : ज्याचा हात सर्वांत चांगला, त्याला पुढे करतात. काल मोल्डिंगवर (साचे भरण्याच्या कामावर) किंवा सीएनसीवर (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्रावर) उभा असलेला माणूस आज दहा-बारा जणांच्या कामाला जबाबदार होतो, आणि आता आपल्या हातापेक्षा आपल्या निर्णयांची कसोटी लागणार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी सुविचार येतात, नेतृत्वावरचे व्हिडिओ येतात. ते पाहून घटकाभर बरे वाटते, पण दुपारी माल अडला की त्यातले एकही वाक्य मदतीला येत नाही. याचे कारण असे की स्वतःला सुधारण्याचा विचार त्या दिवशीच्या एखाद्या घटनेला बांधलेला नसेल, तर तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तो बांधून ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही, आणि ती कशी ठेवावी एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणे फौंड्रीची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्याची घेतली आहेत, कारण या जिल्ह्यात तो धंदा घराघराला माहीत आहे. मशीन शॉप, यंत्रमाग किंवा गुऱ्हाळ चालवणाऱ्याला ती आपल्या कामाला सहज लावून घेता येतील.

वही कोणती आणि कधी

दुकानात मिळणारी दोनशे पानी, आखलेली, जाड पुठ्ठ्याची वही पुरते. महागडी डायरी घेऊ नये, कारण तिच्यात खाडाखोड करायला मन धजत नाही आणि ही वही खाडाखोडीचीच असते. सुरुवात मोबाइलवर करू नये. हातात मोबाइल घेतला की पहिली तीन मिनिटे आलेले मेसेज पाहण्यात जातात.

लिहिण्याची वेळ पाळी संपून पुढच्या माणसाकडे काम सोपवल्यानंतरची आणि गाडीला किक मारण्याआधीची. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. घरी जाऊन, जेवून, मग निवांत लिहू असे ठरवणाऱ्यांची वही आठवडाभरात बंद पडते. आणि ती चालू राहिली तरी तोपर्यंत मनाने दिवसाची हकीकत आपल्या सोयीने बदललेली असते. दुपारी आपण एखाद्यावर ओरडलो, हे रात्री नऊ वाजता ‘त्याला समजावून सांगितले’ असे आठवते.

वहीचे डावे पान घडलेल्या गोष्टींसाठी ठेवावे आणि उजवे कोरे सोडावे. उजव्या पानावर आठवड्याच्या शेवटीच लिहायचे आहे.

डावे पान : घडले ते

सर्वांत जास्त सराव या भागाला लागतो. नवखा माणूस लिहितो, ‘आज वाळू खराब होती, रिजेक्शन वाढले.’ हा निकाल झाला, नोंद नव्हे. पुढच्या महिन्यात हे वाक्य वाचून कोणालाही काही करता येणार नाही. त्याच दिवसाची कामाला येणारी नोंद अशी असते :

‘दुसरी पाळी. दिवसभर पाऊस. तीननंतर भरलेल्या साच्यांपैकी चार कास्टिंगना वरच्या अंगाला ब्लो होल. सकाळचे सगळे बरे. मिक्सरजवळची वाळू मुठीत दाबली तर तळव्याला चिकटत होती. पाणी नेहमीच्या मापानेच घातले. ओलावा मोजला नाही. ऑपरेटरला सगळ्यांसमोर बोललो.’

ब्लो होल म्हणजे वायू अडकून कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी. या नोंदीत कोणाचा दोष हे लिहिलेले नाही, तरी दोष शोधायला लागणारे सारे काही आहे : वेळ, हवामान, कास्टिंगचा कोणता भाग, हाताने केलेली परीक्षा, आणि जे केले नाही तेही. बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळलेल्या ओल्या वाळूत साचे करताना ओलावा साधारण ३ ते ४ टक्के राखावा लागतो. तो वाढला की १३५० अंश सेल्सिअसच्या वरचे पातळ लोखंड आत पडताच पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते, आणि फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करण्याच्या वेळी पोकळी उघडी पडते. हे विज्ञान सुपरवायझरला ठाऊक असतेच. कमतरता असते ती ‘तीननंतर’ आणि ‘दिवसभर पाऊस’ हे दोन तपशील एकाच पानावर येण्याची.

‘ओलावा मोजला नाही’ हे शेवटून दुसरे वाक्य लिहिणे अनेकांना जड जाते. ते टाळले तर वही ठेवण्यात अर्थ नाही. आज आपण काय पाहिले नाही, हा प्रश्न रोज स्वतःला विचारून त्याचे उत्तर एका ओळीत लिहिले पाहिजे.

उजवे पान : का, आणि पुन्हा का

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळी डावी पाने एकदा वाचून त्यांतली एकच घटना निवडावी. टोयोटा कंपनीने रुळवलेली ‘पाच वेळा का’ ही पद्धत पुष्कळांनी प्रशिक्षणात ऐकलेली असते, पण ती चालवताना दुसऱ्याच प्रश्नावर गाडी ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ या स्थानकावर येऊन थांबते. माझ्या मते हे उत्तर वहीत लिहायला सरळ बंदीच असावी. ते खरे असले तरी त्याने काहीही बदलत नाही. जे उद्या आपल्याला बदलता येईल तेच उत्तर धरावे.

वरच्या नोंदीचेच पाहू. ब्लो होल का आले, तर वाळूत पाणी जास्त झाले. ते का झाले, तर वाळू आधीच ओली असताना पाण्याचे माप नेहमीचेच ठेवले. वाळू आधीच का ओली, तर शेडच्या उघड्या बाजूला पडलेल्या ढिगावर पावसाची झड येते. ते मिक्सरवर कोणाच्या लक्षात का आले नाही, तर ओलावा मोजण्याचे उपकरण लॅबमध्ये असते आणि लॅब पहिल्या पाळीनंतर कुलूपबंद होते. इथे थांबायला हरकत नाही, कारण हातात दोन साध्या गोष्टी आल्या : ढिगाला आडोसा आणि उपकरणाची जागा. कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून वायूच्या दाबावरून ओलावा सांगणारे ते छोटे भांडे मिक्सरशेजारच्या फळीवर ठेवायला नवी खरेदी लागत नाही. पाच हा आकडा काही देवाने दिलेला नाही. तीन प्रश्नांत वाट सापडली तर चौथा विचारू नये.

माणसांविषयी काय लिहावे

वही कोणाच्याही हाती पडू शकते, हे गृहीत धरूनच लिहावे. कामगारांच्या स्वभावावर शेरे लिहू नयेत. लिहायचे ते स्वतःचे वागणे : कोणाला काय म्हणालो, कोणासमोर म्हणालो, त्यानंतर काय झाले. ‘ऑपरेटरला सगळ्यांसमोर बोललो’ या ओळीच्या पुढे दोन दिवसांनी ‘तो आता अडचण सांगायला येत नाही’ अशी ओळ आली, तर नेतृत्वावरच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या दोन ओळी जास्त शिकवतात.

वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला विचारणे हा या कामाचा नाजूक भाग आहे. तीस वर्षे वाळूत हात घातलेल्या मोल्डरला नव्या सुपरवायझरने ‘वाळू का बिघडली?’ असे विचारले की त्याला ते जाब विचारल्यासारखे वाटते. ‘मामा, आज वाळू हाताला कशी लागतीय?’ असे विचारले तर उत्तर मिळते : ‘सायेब, दुपारपास्नं जड झालीया बघा. पाणी जरा कमी घाला म्हणून सांगा की त्या पोराला.’ हे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर त्यांचे नाव घेऊन सांगावे. चुकीबद्दल बोलायचे ते बाजूला घेऊन आणि श्रेय द्यायचे ते सर्वांदेखत, हा नियम जुनाच आहे. पण तो आपण खरोखर पाळतो का, हे वहीच सांगते.

महिन्यातून एकदा वहीवरून आणखी एक गोष्ट काढावी : आपल्यालाच विचारून झालेले, पण दुसऱ्या कोणाला घेता आले असते असे निर्णय. पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना) कोणता आधी लावायचा, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळ जागा ठेवणारे वाळूचे गाभे) किती करून ठेवायचे, टेम्पोला किती वाजता बोलवायचे असे तेच ते निर्णय पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांतला एक निर्णय एका माणसाकडे नाव घेऊन सोपवावा, कोणत्या मर्यादेत तो त्याचा आहे हे सांगावे, आणि पहिले पंधरा दिवस थोडा गोंधळ होईल हे मनाशी धरून तो परत घेण्याचा मोह आवरावा. अनेक चांगले कारागीर सुपरवायझर म्हणून इथेच अडतात. दुसऱ्याने आपल्यापेक्षा थोडे वाईट केलेले काम त्यांना बघवत नाही.

नवे करून पाहताना

उजव्या पानावर आलेले उत्तर लगेच सगळ्या शॉपला लावू नये. एक बदल, एक मिक्सर, एक आठवडा, एवढीच चाचणी घ्यावी आणि ती सुरू करण्याआधी आपली अपेक्षा आकड्यात लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, ‘ओलावा दर दोन तासांनी मोजला तर दुसऱ्या पाळीचे ब्लो होल निम्म्यावर यावेत.’ आधी न लिहिलेली अपेक्षा निकालानुसार हवी तशी वाकवता येते, आणि मालकासमोर तर ती फारच सहज वाकते. आठवड्याने आकडा आला नाही तर तेही लिहावे आणि जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी; म्हणूनच चाचणी चालू असताना दुसऱ्या मिक्सरवर जुने माप तसेच राहू द्यायचे असते.

नवे काही करायचे म्हणजे आधी बाहेरून यंत्र आणायचे, ही समजूत कोल्हापूरला तरी शोभत नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चालणारा सिनेकॅमेरा याच गावात तयार केला. हे काम आनंदराव पेंटर यांनी हाती घेतले होते. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते तडीस नेले. सुपरवायझरने यातली एक बाब विशेष ध्यानात घ्यावी : कॅमेऱ्याच्या कामात सोबतीला घेतलेले तेच दामले पुढे १९२९ मध्ये फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांच्यासह प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक झाले. चाचणीत ऑपरेटरला नुसते राबवून न घेता मोजमाप आणि नोंदही त्याच्याच हाती द्यावी. उद्या तो दुसरीकडे गेला तर जाईल. त्या भीतीने त्याला अडाणी ठेवणे अधिक महागात पडते.

तंत्रज्ञान कुठे आणावे

तीन-चार महिन्यांची वही भरली की संगणकावरचा तक्ता करावा, त्याआधी नाही. कोणते रकाने लागतात हे वहीनेच ठरवलेले असते : तारीख, पाळी, पार्ट, हीट नंबर (भट्टीतल्या एका वेळच्या वितळणीचा क्रमांक), दोष, वाळूचा ओलावा, पाऊस होता की नव्हता. वही न ठेवता थेट सॉफ्टवेअर घेणाऱ्यांच्या तक्त्यात चाळीस रकाने असतात आणि त्यांतले तीसएक शेवटपर्यंत कोरे राहतात. टंकलेखनाचा कंटाळा असेल तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय वापरावी. मात्र भट्टीच्या आवाजात ती ‘कोअर’चे ‘कोर’ आणि ‘पंधरा’चे भलतेच काही करते, म्हणून आकडे हाताने तपासावेत. व्हॉट्सॲपच्या गटाला नोंदवही समजू नये. दोषाचा फोटो तिथे टाकला की दुसऱ्या दिवशी तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा उपयोग निकाल मागण्यासाठी करू नये, प्रश्न काढून घेण्यासाठी करावा. ‘माझ्या कास्टिंगला ब्लो होल का येतात?’ असे विचारले तर ते दहा कारणे सांगेल आणि दहाही बरोबर वाटतील, कारण त्याने आपली वाळू पाहिलेली नाही. त्याऐवजी आपली नोंद त्याला द्यावी आणि ‘यावरून ठरवायला आणखी काय मोजायला हवे?’ असे विचारावे. येणाऱ्या यादीतले एक-दोन मुद्दे हमखास आपल्या नजरेतून सुटलेले असतात. ग्राहकाचे ड्रॉइंग, दर आणि कामगारांची नावे मात्र त्यात कधीही टाकू नयेत, आणि धातूची घटकमात्रा बदलण्याचा सल्ला मिळाला तर मेटलर्जिस्टला दाखवल्याशिवाय भट्टीपर्यंत नेऊ नये.

खंड पडला तर

खंड पडतोच. चुकलेल्या दिवसांची पाने मागाहून आठवून भरू नयेत. तारीख टाकून पुढे लिहायला लागावे. अपवाद एकच : मोठ्या अडचणीचे दिवस निवळल्यावर बसून सविस्तर लिहावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अशा वेळी नदीच्या कोणत्या बाजूचे कामगार पोहोचू शकले, वीज जाण्याआधी इंडक्शन भट्टी रिकामी करण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या खबरीवरून घेतला, तयार माल कुठे उचलून ठेवला, कोणाचा फोन लागला आणि कोणाचा नाही, या नोंदी पुढच्या पावसाळ्याआधी मे महिन्यात काढून वाचाव्यात आणि त्यांवरून माणसांची व साहित्याची यादी करून भिंतीवर लावावी.

वही भरत आली की शेवटच्या दोन पानांवर काही लिहू नये. तिथे, उत्तर न सापडलेले सगळे ‘का’ पानांच्या क्रमांकासह उतरवून काढावेत आणि तीच यादी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून मग पुढची तारीख टाकावी. ही यादी कामाच्या जागेवरच्या दोघातिघांना वाचून दाखवली तर उत्तम. त्यांतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर कोणा मामांना पूर्वीपासून ठाऊक असते, फक्त त्यांना ते कोणी विचारलेले नसते.