गोव्यातून हवाईच्या ज्वालामुखी उद्यानात कसं जावं

हवाईच्या मोठ्या बेटावरचं ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की डोळ्यांसमोर उसळता लाव्हा येतो. तो दिसेलच असं नाही. 23 डिसेंबर 2024 ला सुरू झालेला इथल्या किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक थांबत थांबत होत आला आहे: काही तास तीनशे मीटरच्याही वर जाणारी कारंजी, मग कित्येक दिवस नुसता धूर. म्हणून लाव्हाच्या भरवशावर बेत आखू नका. तिथली जमीन पाहायला चाललोय असं ठरवा आणि उद्यानालगतच्या व्होल्कॅनो गावात किमान दोन रात्री मुक्काम करा.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो आणि मुलाखतीच्या तारखेसाठी बरंच थांबावं लागू शकतं, तेव्हा तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर पर्यटनासाठी त्यांना सहसा ऑनलाइन मिळणारी ईएस्टा परवानगी पुरते. आपल्याकडे एकाच घरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट असतात, म्हणून प्रत्येकाचं वेगळं तपासा. गाडी चालवणाऱ्यानं आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवावा. तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं असतं.

भारतातून थेट विमान नाही. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई-दिल्ली, पुढे टोकियो किंवा सोलमार्गे होनोलुलू, आणि तिथून मोठ्या बेटावरचं हिलो. हिलोपासून उद्यान सुमारे 45 किलोमीटरवर आहे. त्याच बेटाच्या पश्चिमेकडच्या कोनाला उतरलात तर दीडशेच्या वर. प्रवेशाला रोख चालत नाही, कार्ड जवळ ठेवा.

बॅगेत स्वेटर आणि रेनकोट हवाच. बेट उष्ण कटिबंधातलं असलं तरी किलाउएआचा माथा बाराशे मीटरवर आहे. तिथं पाऊस कधीही येतो आणि रात्री हुडहुडी भरते. चपला, सँडल नकोत: थिजलेल्या लाव्हाची कड काचेसारखी कापते. दमा असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलं सोबत असलेल्यांनी ज्वालामुखीतून येणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूची त्या दिवसाची पातळी पाहूनच बाहेर पडावं. वास घशाला लागला की तिथून निघा.

एकच पायवाट चालणार असाल तर किलाउएआ इकीची, साधारण 5 किलोमीटरची. नेच्यांच्या ओल्या रानातून सव्वाशे मीटर खाली उतरलं की आपण एका विवराच्या तळावर चालत असतो. 1959 मध्ये इथं लाव्हाचं तळं होतं आणि कारंजं 580 मीटरपर्यंत गेलं होतं. आज त्या काळ्या तळाच्या भेगांतून वाफ येते, आणि त्याच भेगांत ओहियाची रोपं रुजून त्यांना लाल फुलं येतात. बुरशीच्या रोगानं ही झाडं मोठ्या संख्येनं मरत आहेत, म्हणून वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या ब्रशनं बुटांची माती झाडूनच आत जा.

दुसरा दिवस चेन ऑफ क्रेटर्स रोडला द्या. टाकी आधीच भरून घ्या आणि पाणी, खाणं बरोबर घ्या. समुद्रापर्यंतच्या या रस्त्यावर काहीच मिळत नाही. वाटेत पुउलोआला जरूर थांबा. लाव्हाच्या कातळावर तेवीस हजारांहून जास्त कोरीव खुणा आहेत. रिवणजवळ कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळचित्रं पाहिलेल्याला इथं जास्तच रेंगाळावंसं वाटेल. खुणांत असंख्य लहान खळगे दिसतात: बाळाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून त्याची नाळ हवाईयन लोक या खळग्यांत ठेवत. फळ्यांच्या वाटेवरूनच चाला, खुणांना हात लावू नका.

उद्यानातला एक खडाही उचलायचा नाही. तो गुन्हा आहेच, पण मुख्य म्हणजे हालेमाउमाउ हे विवर हवाईयन लोकांसाठी पेले देवीचं घर आहे. सत्तरीच्या देवराईतली काडी आपण मोडत नाही, तसंच इथं वागावं.

लाव्हासाठी रोज सकाळी हवाईच्या ज्वालामुखी वेधशाळेचा अहवाल वाचा. पुढची कारंजी साधारण कधी, याचा अंदाज त्यात असतो. कारंजी सुरू झाली की दिवसा पार्किंग मिळणं कठीण. उद्यान चोवीस तास उघडं असतं, म्हणून पहाटे चारच्या सुमारास निघा, प्रत्येकाकडे टॉर्च असू द्या, आणि कठड्याच्या आतच राहा. विवराची कड खालून पोकळ असू शकते.