टर्बो गाडीतला छोटा कूलंट पंप गळत असेल तर
खंबाटकी चढून साताऱ्यात आलो, इंजिन बंद केलं तरी बॉनेटखाली बारीक घूंऽऽ चालूच, तो हा इलेक्ट्रिक पंप, तापलेल्या टर्बोत (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) कूलंट, म्हणजे गार ठेवणारं द्रव, फिरवत असतो. माझ्या गाडीत कूलंट सारखा कमी व्हायचा, फरशीवर थेंब नाही, शेवटी पंपाच्या जोडावर वाळलेल्या कूलंटची गुलाबी पापडी सापडली. बदलताना इंजिन पार गार पाहिजे, गरम असताना टाकीचं झाकण उघडलं की हात भाजलाच. पंपाचे दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, क्लॅम्पने दाबून धरा म्हणजे फार सांडत नाही, आणि पंपाच्या वायरीच्या प्लगच्या पिना हिरव्या पडल्यात का बघाच, नाहीतर नवा पंपही गप्प. कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, नळाचं पाणी नको. नंतर कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, सकाळी गार इंजिनवर लेव्हल परत बघा.