भूमिका वठवण्याचे एक्सपी कसे द्यावेत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) खेळ चालवणाऱ्याला तलवार न उपसता सुटलेल्या पेचालाही एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते) देता येतात. प्रसंग किती अवघड होता ते ठरवा आणि लढाईचाच तक्ता वापरा. तिसऱ्या लेव्हलला प्रत्येक पात्रामागे सोप्याचे ७५, मध्यमचे १५०, अवघडचे २२५. पहारेकऱ्यांच्या नायकाला पटवून वेस उघडून घेतली, तर चौघांना प्रत्येकी १५०. अपयशाची खरी किंमत मोजावी लागणार असेल तरच द्या. दुकानातल्या घासाघिशीला काही नाही. तोच नायक पुढे लढाईत मारला गेला, तर त्याचे पुन्हा देऊ नका.

बक्षीस अभिनयाला नव्हे, निर्णयाला. आवाज बदलून बोलणाऱ्या एकट्यालाच जादा एक्सपी मिळत गेले, की लाजाळू खेळाडू गप्प होतो आणि लेव्हलमधल्या फरकामुळे लढायांचा तोल जातो. म्हणून एक्सपी सगळ्यांना सारखे. कुणी शपथेपायी किंवा स्वतःच्या दोषापायी नुकसान ओढवून घेतलं, तर त्याला तिथल्या तिथे इन्स्पिरेशन द्या. ते खर्च करून एका फेकीला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), आणि एका वेळी एकच जवळ राहतं, त्यामुळे साठेबाजी होत नाही.

पहिल्या लेव्हलला हात आखडा: दुसरी ३०० वरच येते, आणि मध्यम प्रसंग ५० चा असतो.