लेखनप्रवास लिहिताय? या चुका टाळा

सत्र संपत आलं की सर्जनशील लेखनाच्या वर्गाची ‘माझा लेखनप्रवास’ ही टिपणं माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: ‘या अभ्यासक्रमामुळे माझी भाषा समृद्ध झाली.’ कुठे झाली? कुठल्या ओळीत?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिला खर्डा न ठेवणं. मुलं मोबाइलवर एकाच फाइलमध्ये लिहितात, खोडतात, त्यावरच पुन्हा लिहितात. हाती उरतो फक्त पक्का लेख. मग वाढ मोजायची कशावरून?

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आजीवर लेख लिहिला होता. टिपणात ‘शैली बहरली’, ‘निरीक्षण वाढलं’, आणि उदाहरण एकही नाही. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, जुनं सगळं डिलीट झालं.” तिच्या पहिल्या खर्ड्याची झेरॉक्स माझ्या कपाटात निघाली. त्यात होतं, ‘आजी म्हणजे मायेचा सागर.’ पक्क्या लेखात त्याच जागी होतं, ‘भाकरी थापायला बसली की आजी आधी बांगड्या कोपराकडे सरकवायची.’ दोन्ही कागद शेजारी ठेवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सागर मी काढला कधी?”

टिपण इथूनच सुरू व्हायला हवं होतं. आठवून आठवून तिला सापडलं: लेख अडला तेव्हा तिने आईला फोन केला होता, आणि बांगड्यांचं आई बोलली होती. माहिती विचारून लिहायला ती त्या दिवशी शिकली. दुसऱ्या दिवशी तिने आणलेल्या टिपणात ‘समृद्ध’ हा शब्द नव्हता.

मी प्रत्येक खर्ड्यावर तारीख घालते आणि वाक्य एका रेघेने खोडते, खालचं वाचता आलं पाहिजे. गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीतही जुने खर्डे सापडतात. तरी मी वहीच सुचवेन.

शुद्धलेखन सुधारलं म्हणजे लेखक म्हणून वाढलो, हाही एक समज. १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे लेखनाचे अठराही नियम यायलाच हवेत. ‘कवी’ दीर्घ, ‘कविसंमेलन’मध्ये ऱ्हस्व, हे चुकलं की मी गुण कापते. पण टिपणभर तेवढंच नको.

अभ्यासक्रमातले घटक उतरवून काढू नका. शिक्षकांचे आभार दोन पानं मानू नका.

एआयकडून टिपण लिहून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही कुठलं वाक्य का खोडलंत, हे त्याला कुठून कळणार? घाई असेल तर अर्धंच पान द्या, पण स्वतःचं.

आणि जे अजून जमत नाही ते लपवू नका. ‘माझी सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात,’ असं एका मुलाने लिहिलं आणि खाली पुरावा म्हणून स्वतःच्याच कथेतले चार संवाद उतरवले. त्या वर्षी वर्गात सर्वाधिक गुण मी त्याला दिले.